अकरा फुटी हलकी स्विच रॉड: ब्लँक निवडताना केलेल्या चुकांसकट नोंदी

३० डिसेंबर २०२३, शनिवार

वॉशिंग्टन स्टेटमध्ये राहतो, सिएटलच्या जरा वर. फ्लाय फिशिंग, म्हणजे कृत्रिम माशीने (फ्लायने) मासेमारी, मुख्यतः याकिमा नदीवर, एलेन्सबर्गच्या खालच्या कॅनियनमध्ये. यापूर्वी नऊ फुटी साध्या दोन रॉड घरी, ब्लँकपासून (म्हणजे रॉडची नुसती काठी) बांधल्यात, त्यामुळे दोरा गुंडाळणं, इपॉक्सी वगैरे जमतं. स्विच रॉड पहिल्यांदाच करतोय. मराठीत यावर काहीच सापडलं नाही म्हणून लिहून ठेवतो, कोणी पुढे करायला घेतली तर माझे पैसे जिथे बुडाले तिथे तुमचे तरी बुडू नयेत.

स्विच म्हणजे साधारण साडेदहा ते साडेअकरा फुटी रॉड, एका हाताने डोक्यावरून पण मारता येते आणि खाली छोटी दुसरी मूठ असते म्हणून दोन हातांनी स्पे कास्ट पण (लाइन मागे लांब न फेकता पाण्यावर टेकवून पुढे मारायची पद्धत). मला का हवी? याकिमा कॅनियनमध्ये मागे एकतर कडा नाहीतर झुडपं, मागे लाइन फेकायला जागाच नाही, वरून दुपारचा वारा. नऊ फुटी पाच नंबरने (नंबर म्हणजे रॉड किती जड लाइनसाठी आहे ते) बुडणारी टिप, म्हणजे लाइनचं पुढचं टोक, आणि ओली स्कल्पिन (छोट्या माशासारखी) फ्लाय फेकायची म्हणजे दोनदा कानाला लागलीये. तेरा फुटी सात नंबर स्पे रॉड आहे माझ्याकडे, पण ती स्टीलहेडसाठी (समुद्रात जाऊन परत नदीत येणारा मोठा रेनबो ट्राउट), तिच्यावर चौदा इंची रेनबो लागला की लागला का पालापाचोळा तेच कळत नाही. मधलं काहीतरी पाहिजे, हलकं.

तयार चांगली रॉड पाहिली तर किमती सातशे-आठशे डॉलरच्या घरात पण जातात. म्हटलं बांधू.

६ जानेवारी २०२४, शनिवार

ब्लँक ऑर्डर केला. साडेदहा फुटी, तीन नंबर, चार तुकड्यांचा, युरो निम्फिंगसाठीचा (बारीक दोऱ्यावर छोटी बुडणारी फ्लाय). सेलमध्ये ९५ डॉलर, वर १८ शिपिंग, टॅक्स धरून १२५ झाले. माझा हिशेब असा की लांबी जवळपास बरोबर आहे, वजन फक्त ४६ ग्रॅम लिहिलंय, तीन नंबर म्हणजे हलकी, मग खाली चार इंचाची मूठ जोडली की झाली स्विच. असं केलेले लोक आहेत, वाचलंय.

(नंतर लिहितोय: ते लोक काय लाइन वापरत होते ते मी वाचलं नव्हतं.)

१३ जानेवारी, शनिवार

ब्लँक आला. बाहेर उणे आठ-नऊ, गॅरेजमध्ये उभं राहवत नाही, म्हणून डायनिंग टेबलवर मांडला. बायकोने विचारलं हे किती दिवस इथे राहणार, म्हटलं दोन. (नऊ दिवस राहिला.)

आधी सरळपणा बघितला. प्रत्येक तुकडा टेबलावर लोळवायचा, मग डोळ्यासमोर धरून फिरवत बघायचं. सगळे ठीक. मग स्पाइन शोधण्यात अख्खी संध्याकाळ घालवली. तुकडा जमिनीला टेकवून वरून दाबत फिरवला की एका बाजूला उडी मारून बसतो ती स्पाइन, ती वर ठेवायची का खाली यावर लोक हमरीतुमरीवर येतात. मी तीन तास घालवून शेवटी प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलने खूण केली आणि आता सांगतो की एवढ्या हलक्या ब्लँकला त्याने काडीचा फरक पडला नाही, तुकडा सरळ कुठल्या बाजूने दिसतो तेच बघा आणि जेवायला जा.

१५ जानेवारी, सोमवार

सुट्टी होती. ब्लँकची ताकद मोजली. डॉ. हॅनेमन यांची कॉमन सेंट्स म्हणून पद्धत आहे, २००३ ची. रॉडची मूठ आडवी घट्ट बांधायची, शेंड्याला पिशवी अडकवायची, तिच्यात एक सेंटची नाणी टाकत जायचं, शेंडा रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली आला की थांबायचं. नाण्यांची संख्या म्हणजे रॉडची ताकद. नाणी १९८२ नंतरची हवीत, ती अडीच ग्रॅमची असतात, त्याआधीची तांब्याची जड, ३.१ ग्रॅमच्या आसपास.

मुलीच्या गल्ल्यातून नाणी घेतली, ती मोजायला बसली, मध्येच कंटाळली, आणि मधली किती पडली ते दोघांनाही आठवेना. मग सरळ साबुदाणा घेतला. पिशवीत चमच्याने साबुदाणा, शेंडा खुणेला आला की पिशवी स्वयंपाकघरातल्या काट्यावर. हे जास्त बरं पडतं कारण शेवटचे चार-पाच ग्रॅम हळूहळू टाकता येतात, नाणं टाकलं की शेंडा हिंदकळतो. साबुदाण्याची परत खिचडी झाली, वाया काही गेलं नाही.

साडेदहा फूट म्हणजे १२६ इंच, तृतीयांश ४२ इंच. नुसत्या टेबलाची उंची पुरत नाही, जिन्याच्या कठड्याला क्लॅम्प लावला. निकाल: ८४ ग्रॅम.

याचा अर्थ काय ते कळायला माझीच जुनी नऊ फुटी पाच नंबर मोजली. १०२ ग्रॅम.

म्हणजे ज्या रॉडने बुडणारी टिप फेकता येत नाही म्हणून मी हे सगळं करतोय, त्या रॉडपेक्षा हा ब्लँक कमजोर आहे. इथेच थांबायला पाहिजे होतं. पण म्हटलं लांबी जास्त आहे, दोन हात आहेत, बघू तर.

२० जानेवारी, शनिवार

बर्फ वितळलं, पाऊस. फॉल सिटीजवळ स्नोक्वाल्मी नदीवर गेलो, जिथे रेजिंग रिव्हर येऊन मिळते तिथे. हुक नाही, फक्त पिवळी लोकर बांधून.

ब्लँक बांधण्याआधी कास्ट करून बघायचा असेल तर गाइड (लाइन जाते त्या कड्या) मास्किंग टेपने चिकटवायचे, रील सीटच्या जागी रील सरळ ब्लँकवर इलेक्ट्रिकल टेपने गुंडाळायचं, मूठ म्हणून पाइपला घालतात तो फोम. दिसतं भयंकर पण अर्ध्या तासात खरं काय ते कळतं. आणि हे पाण्यावरच करा. गवतावर स्पे कास्टची लाइन धरून ठेवायला काही नसतं, अँकर (पाण्याला चिकटून राहणारं लाइनचं टोक) घसरतो, सगळ्या रॉड सारख्याच वाईट वाटतात.

२०० ग्रेनचं (ग्रेन म्हणजे लाइनच्या वजनाचं माप) छोटं स्कॅगिट हेड, म्हणजे लाइनचा जाड जड भाग, लावलं, पुढे दहा फूट टी-८ ही बुडणारी टिप. डबल स्पे कास्ट. मागे डी-लूप (लाइनचा D सारखा फुगा) बनला, पुढे ढकललं आणि रॉड शेंड्यापासून मधल्या तुकड्यापर्यंत अशी दुमडली की जणू कोणी ओल्या वेताने मारतंय. लूप दरवाजाएवढा उघडला, लाइन पंधरा फुटांवर ढिगारा होऊन पडली. चाळीस-एक कास्ट मारले असतील. दोन नीट गेले, त्यात वाऱ्याचा हात होता.

गाडीत बसून हिशेब केला तेव्हा चूक दिसली. टी-८ म्हणजे फुटाला ८ ग्रेन. दहा फूट म्हणजे ८० ग्रेन. स्कॅगिट हेडवर लिहिलेला आकडा नुसत्या हेडचा असतो, टिप त्यात धरलेली नसते. म्हणजे मी २०० नाही, २८० ग्रेन फेकत होतो. १८ ग्रॅम. साध्या पाच नंबर लाइनचे पहिले तीस फूट १४० ग्रेनचे असतात, ९ ग्रॅम. दुप्पट! आणि ते पाच नंबरपेक्षा कमजोर काठीने.

टी-८ काढून बारीक तरंगती टिप लावली तर बऱ्यापैकी जात होती, एका हाताने तर छानच. पण मला तरंगत्या टिपसाठी रॉड नको होती.

निम्फचा ब्लँक का दुमडला ते आता समजतंय. त्याचा शेंडा मुद्दाम मऊ केलेला असतो, केसाएवढ्या टिपेटवर (फ्लायला बांधलेला शेवटचा दोरा) मासा तुटू नये आणि हलकी चाहूल दिसावी म्हणून. त्या कामासाठी तो उत्तम आहे. पण स्पे कास्टमध्ये पाण्याला चिकटलेली लाइन आणि मागचा डी-लूप हे वजन एकदम शेंड्यावर येतं, आणि शेंड्यानेच मान टाकली तर खालच्या तुकड्यांपर्यंत काम पोचतच नाही.

१२५ डॉलर आणि दोन आठवडे.

२७ जानेवारी, शनिवार

आमच्या कास्टिंग ग्रुपमधे एक रिटायर्ड म्हातारा आहे, त्याच्या गॅरेजमध्ये ब्लँकच ब्लँक. माझी कहाणी ऐकून हसला आणि एक न बांधलेला साडेअकरा फुटी, चार नंबर लिहिलेला ब्लँक वापरून बघायला दिला, सोबत तीन वेगवेगळी हेड. वर म्हणाला, नंबर वाचू नकोस, ग्रेन विचार.

घरी साबुदाणा: ४६ इंच खाली यायला १९० ग्रॅम. वजन ७८ ग्रॅम. म्हणजे नंबर माझ्या ब्लँकपेक्षा फक्त एकाने जास्त, आणि ताकद दुपटीहून जास्त! याचं कारण साधं आहे. एकहाती रॉडचा नंबर आणि स्विचचा नंबर हे दोन वेगळे हिशेब आहेत. स्विचचा तीन नंबर हा जवळपास एकहाती पाच-सहाच्या ताकदीचा निघतो. हे मला कोणी ६ जानेवारीच्या आधी सांगितलं असतं तर.

नदी पावसाने फुगलेली, म्हणून लेक समॅमिशवर गुडघाभर पाण्यात उभं राहून मारलं. ३५० ग्रेनचं हेड लावल्यावर ब्लँक जिवंत झाला, काय सांगू, कमी जोरात लाइन सरळ समोर. ३०० ला ठीक, २४० ला काठी हलल्यासारखं पण वाटत नाही. मग एका हाताने मारून बघितलं, वीस मिनिटांत मनगट आणि कोपर दोन्ही बोलायला लागले. आणि ३५० ग्रेन ज्याला लागतात ती रॉड माझ्या चौदा इंची माशासमोर परत तीच स्टीलहेडची गोष्ट.

म्हणजे एक फार मऊ, एक फार दांडगा. पण दोन टोकं हातात आली हे बरं झालं.

३० जानेवारी, मंगळवार

रात्री कागद घेऊन उलटं लिहायला बसलो. हे आधी करायला पाहिजे होतं, ब्लँकपासून सुरुवात न करता फ्लायपासून.

फ्लाय: सहा नंबर हुकवरची स्कल्पिन, ओली झाली की जड, पण फार मोठी नाही. ती खाली न्यायला दहा फूट टी-८ जास्तीत जास्त, बहुतेक वेळा त्याहून हलकी टिप पुरते. ८० ग्रेनची टिप आणि ही फ्लाय उलटवायला हेड २४० च्या खाली नको, आणि २७५ च्या वर गेलो तर रॉड जड होणार. म्हणजे हेड २४० ते २७५. ८४ ग्रॅमचा ब्लँक २०० ला मेला, १९० ग्रॅमचा ३५० ला खुश. तर माझा ब्लँक मधे कुठेतरी, १२० ते १४० ग्रॅमवर एक तृतीयांश वाकणारा. हे शास्त्र नाही, अंदाज आहे, पण मोजून केलेला अंदाज.

लांबी अकरा फूट. साडेअकरा दोन हातांना मस्त पण एका हाताला नको, साडेदहाला खाली मूठ गेली की वर काही उरत नाही. नुसत्या ब्लँकचं वजन ६५ ग्रॅमच्या आत.

३ फेब्रुवारी, शनिवार

तीन विक्रेत्यांना ईमेल: ब्लँकचं वजन किती, बुडाचा व्यास किती, शेंड्याचा व्यास किती, आणि कुठल्या ग्रेनपासून कुठल्या ग्रेनपर्यंत चालतो. एकाने "ट्राउटसाठी अप्रतिम" एवढंच कळवलं. एकाचं उत्तरच नाही. तिसऱ्याने सगळे आकडे दिले, वर स्वतः २५० ग्रेनचं हेड वापरतो हेही लिहिलं.

शेंड्याचा व्यास का विचारायचा ते सांगतो. टिप-टॉपचं (शेंड्यावरच्या गाइडचं) माप इंचाच्या चौसष्टाव्या भागात असतं. माझ्या निम्फ ब्लँकचा शेंडा ३.५ होता, म्हाताऱ्याच्या ब्लँकचा ५.५. या तिसऱ्याचा ४.५. बूड ०.४०५ इंच. फोटोवरून ब्लँकची ताकद कळत नाही पण हे दोन आकडे आणि वजन मिळालं तर निदान निम्फची काठी आहे का स्पेची एवढा वास येतो.

६ फेब्रुवारी, मंगळवार

मागवला. अकरा फुटी, तीन नंबर स्विच, चार तुकडे. १६८ अधिक २४ शिपिंग, टॅक्ससकट २१२. शिपिंग महाग कारण तुकडा ३४ इंचाच्या वर, ट्यूब लांब.

पुण्याच्या एका मित्राने विचारलं भारतात मागवू का. त्याला म्हटलं आधी लांब ट्यूबचं शिपिंग आणि कस्टम्स किती पडतील ते विचार, मग ब्लँक बघ, नाहीतर ट्यूब ब्लँकहून महाग पडायची. सहा तुकड्यांचा मिळाला तर बघ असंही म्हटलं, थोडा जड असतो पण बॉक्स छोटा.

१४ फेब्रुवारी, बुधवार

ट्यूब आली, एका टोकाचं झाकण गायब, आतला एक तुकडा दोन इंच बाहेर डोकावतोय. कुरियरवाल्याने दारात उभी करून ठेवली होती पावसात. धस्स झालं. पण नीट बघितलं, नखाने टकटक करत प्रत्येक तुकडा ऐकला, फेरूलच्या (तुकडे एकमेकांत बसतात त्या जोडाच्या) तोंडावर कापूस फिरवला म्हणजे तडा असेल तर धागा अडकतो. काही अडकलं नाही. असं काही आलं तर उघडायच्या आधी फोटो काढा, मी नंतर काढले, त्याचा काय उपयोग.

१७ फेब्रुवारी, शनिवार

वजन ६१ ग्रॅम. साबुदाणा: ४४ इंचाला १३२ ग्रॅम. मनात ठरवलेल्या खिडकीच्या बरोबर मधे, जिन्यात एकटाच नाचलो.

शेंड्याचा कोन पण मोजला, त्याच हॅनेमनच्या पद्धतीत वजन लटकलेलं असताना शेंडा आडव्या रेषेशी किती अंश करतो ते बघतात, ६६ च्या वर फास्ट ॲक्शन, म्हणजे वाकून चटकन सरळ होणारी. मोबाइलमधल्या कोनमापकाने निम्फ ब्लँक ७२, हा नवीन ६५. आता गंमत बघा, आकड्याने निम्फ ब्लँक 'फास्ट' ठरतो. पण तो फास्ट नाही, त्याचा शेंडाच मऊ म्हणून सगळा वाक शेंड्यात गोळा होतो आणि कोन वाढतो. म्हणून नुसता कोन बघून ब्लँक घेऊ नका, कोन आणि ग्रॅम दोन्ही एकत्र बघा. दोन हातांच्या रॉडला मला तरी वाक मधल्या तुकड्यांपर्यंत उतरलेला आवडतो, दम तिथेच असतो.

एक दोष निघाला. वरून दुसरा तुकडा लोळवला तर मध्ये साधारण ३ मिलिमीटर वाक. परत पाठवायचा विचार केला, परत तो ट्यूबचा खर्च आणि दोन आठवडे. वाक वरच्या बाजूला ठेवला, म्हणजे गाइड खाली लागल्यावर त्यांच्या वजनाने तो जवळजवळ सरळ दिसतो. चार तुकडी ब्लँकमध्ये थोडा वाक निघणं नवीन नाही. ३ मिलिमीटरवर मी थांबलो, ८-१० असता तर परत पाठवला असता.

२४ फेब्रुवारी, शनिवार

परत फॉल सिटी, परत टेप. म्हाताऱ्याचं २४० चं हेड आणि दहा फूट टी-८. हेड १८ फूट, टिप १०, एकूण २८ फूट म्हणजे रॉडच्या अडीच पट, स्कॅगिटसाठी आरामात. तिसऱ्याच कास्टला सरळ गेली. स्नॅप-टी, डबल स्पे, दोन्ही बाजूंनी. २७० ने पण मारली, तीही उचलली पण एका हाताला २४० गोड. २०० आणि तरंगती टिप लावून एका हाताने मारली, ठीक. ही खिडकी मला पाहिजे होती.

गोंधळ वेगळाच झाला. वजन वाचवायचं म्हणून मी छोटे गाइड घेतले होते, सगळ्यात खालचा १० नंबर, वर एकदम बारीक. हेड आणि मागची बारीक रनिंग लाइन लूपला लूप जोडलेली असते. लाइन आत गुंडाळताना तो लूप पाचव्या गाइडमध्ये अडकला. प्रत्येक वेळी. ओढला की टेप सुटून गाइडच खाली. मासा लागलेला असताना हे झालं तर शेंडा जाईल. एकूण किती वजन वाचत होतं ते काट्यावर बघितलं: दीड ग्रॅम. दीड ग्रॅमसाठी एवढी अक्कल चालवली.

नवे मागवले, खाली १६ मग १२, वर मोठ्या मापाचे एकपायी. २२ डॉलर जास्तीचे. पहिल्या सेटचे ३४ पडून आहेत.

२ मार्च, शनिवार

मुठी. कॉर्कचं भोक पाव इंचाचं येतं, ब्लँकचं बूड ०.४०५, म्हणजे आतून घासून मोठं करावं लागतं. गोल कानस, फिरवत फिरवत, दर दोन मिनिटांनी ब्लँकवर चढवून बघायचं. वरच्या मुठीला धीर धरला, छान बसली. खालच्या छोट्या मुठीला घाई केली आणि एका बाजूला भोक जास्त झालं, खुळखुळा. मास्किंग टेपचे दोन वेढे देऊन भरून काढलं. रील सीट आतून १६ मिलिमीटर, तिथेही टेपचे वेढे, मध्ये फटी ठेवायच्या म्हणजे इपॉक्सी आत शिरते.

रील कुठे येणार ते चिकटवण्याआधी ठरवा. मी टेपने रील बांधून हेड बाहेर काढून बोटावर तोलली. वरच्या मुठीच्या वरच्या टोकापाशी तोल आला पाहिजे, दोन्ही हातांनी धरल्यावर पुढे ओढत नाही. माझं जुनं पाच नंबरचं रील फार हलकं पडलं, शेंडा पाण्याकडे जायला बघतो. जरा जड रील लावलं, ६.५ औंस, आणि अख्खी रॉड हातात हलकी वाटायला लागली! काट्यावर जड, हातात हलकी. ब्लँकच्या ४६ ग्रॅमच्या मागे लागलेलो मी, आणि इथे रीलमध्ये पन्नास ग्रॅम वाढवल्यावर मनगट सुटलं.

९-१० मार्च

दोरा गुंडाळला, गडद हिरवा, काठाला एक नारिंगी रेघ. बारा गाइड आणि टिप-टॉप, अकरा फुटाला बाराचा साधा हिशेब. गाइडच्या जागा पुस्तकी कोष्टकावरून आधी टेपने लावल्या, मग रॉड वाकवून लाइन कुठे ब्लँकला टेकते का ते बघत दोन गाइड इंचभर सरकवले.

इपॉक्सीत घोळ. गॅरेजमध्ये १० अंश सेल्सिअस असेल. मिसळली, लावली, मोटरवर फिरत ठेवली, सकाळी हात लावला तर चिकट. दुसऱ्या दिवशी पण चिकट. दोन कारणं असू शकतात, थंडी किंवा दोन भाग समान न पडणं, आणि मी दोन्ही केलं असावं, कारण सिरिंज थंड असल्याने घट्ट इपॉक्सी नीट ओढली गेली नाही. घरात आणली, लाँड्रीच्या खोलीत हीटर लावून. तीन दिवसांनी वाळली पण दोन गाइडवर बोट रुतत होतं.

१६ मार्च, शनिवार

अचानक ऊन, लोक शॉर्ट्सवर. दारं उघडी टाकून दुसरा पातळ थर दिला, यावेळी बाटल्या आधी कोमट पाण्यात ठेवून. चिकट गाइडवर नीट मिसळलेला थर चढला की खालचा झाकला जातो, खरडायची गरज पडली नाही. बुडबुडे आले त्यावर नळीतून हलकी फुंकर, झालं.

पूर्ण रॉड १२७ ग्रॅम, रीलशिवाय. 

खर्च लिहून टाकतो: ब्लँक २१२, कॉर्क ४६, रील सीट ३८, गाइड दोन्ही मिळून ५६, दोरा-इपॉक्सी १९. ३७१. निम्फ ब्लँकचे १२५ धरले तर ४९६. हेड वेगळं, म्हाताऱ्याचं अजून माझ्याचकडे आहे. पाचशेच्या आत तयार रॉड मिळते हो, मला माहितीये, बायकोलाही माहितीये.

२३ मार्च, शनिवार

सकाळी स्नोक्वाल्मी पास ओलांडून कॅनियन. लायसन्स ३१ ला संपतंय, १ एप्रिलपासून नवीन काढावं लागेल, म्हणून या वर्षीच्या लायसन्सवर ही शेवटचीच चक्कर. उम्टॅनमच्या झुलत्या पुलाखाली गाडी लावली. समोरच्या उतारावर बिगहॉर्न मेंढ्या, माझ्याकडे बघून चरत राहिल्या. स्क्वाला माश्या दगडांवर फिरताना दिसल्या, म्हणजे खरंतर कोरडी (पाण्यावर तरंगणारी) फ्लाय टाकायचे दिवस, पण मला रॉड बघायची होती.

कडा पाठीला, मागे जेमतेम आठ फूट. २४० चं हेड, हलकी टिप, ऑलिव्ह स्कल्पिन, हुकचा काटा चेपलेली, रोझा धरणाच्या वर ईस्टनपर्यंत ट्राउट सोडूनच द्यायचा असतो. स्नॅप-टी, साठ-पासष्ट फूट, आरामात. कानाला काही लागलं नाही. अकराच्या सुमाराला एक लांबट धक्का, मग एक व्हाइटफिश. त्यानंतर दीडच्या पुढे स्विंगच्या शेवटी, लाइन सरळ होता होता, एक रेनबो, पंधरा इंच असेल. रॉड मधल्या तुकड्यापर्यंत वाकली, मुठीत प्रत्येक झटका कळत होता. मला हेच पाहिजे होतं. लूप गाइडमधून सुर्रकन आत आला.

दुपारी वारा सुटला तसं २७० चं हेड घ्यायला पाहिजे होतं असं वाटलं, २४० वाऱ्यावर तरंगायला लागलं. आणि एक, संध्याकाळी कास्ट करता करता वरचा तुकडा अर्धा फिरलेला दिसला, गाइड एका रेषेत नाहीत. स्पे कास्टमध्ये रॉड पिळली जाते, फेरूल हळूहळू फिरतं. एकहाती रॉडवर हे कधी झालं नव्हतं म्हणून लक्षच दिलं नाही. आता जोडताना फेरूलला मेणबत्तीचं मेण आणि जोडावर टेपचा एक वेढा.

निम्फ ब्लँक मुलीसाठी बांधायला घेतोय, निम्फचीच रॉड म्हणून, एकहाती. बारीक गाइडचे ३४ डॉलर तिथे कामाला येतील. तिला नारिंगी नको, जांभळा दोरा पाहिजे.